वळशाचा हिशेब

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीच्या धड्यात सुरुवातीलाच दोन राशी भेटतात. अंतर म्हणजे वस्तूने प्रत्यक्ष कापलेल्या मार्गाची लांबी. विस्थापन म्हणजे निघाल्याचे ठिकाण आणि पोहोचल्याचे ठिकाण यांना जोडणारी सरळ रेषा, तीही दिशेसह. पहिली राशी अदिश, दुसरी सदिश. अंतर विस्थापनापेक्षा कधीच कमी असू शकत नाही; विस्थापन मात्र मैलोन्‌मैल चालूनही शून्य असू शकते. मुले एवढे पाठ करतात, परीक्षेत दोन गुणांपुरते लिहितात आणि पुढे त्वरण, बल, न्यूटनचे नियम यांच्या गर्दीत विसरून जातात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र हा भेद विसरण्याजोगा नाही. इथल्या कारभाराचा तो पायाच असायला हवा, असे माझे म्हणणे आहे. शाळा कुठे हवी, दवाखाना किती गावांना पुरेल, रस्ता कुणाला द्यायचा हे ज्या कागदांवर ठरते, त्यांवर बहुतेक वेळा लोकसंख्या तरी असते किंवा नकाशावरची सरळ रेषा. माणसे जगतात ती मात्र प्रत्यक्ष वाटेवर. सरळ रेषा आणि वाट यांच्यातला फरक रोज कुणी ना कुणी चालून भरून काढते आणि त्या चालण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आधी जिल्ह्याचाच हिशेब करू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. मुख्यालय लोकांच्या जवळ यावे हा हेतू होता आणि धानोरा, कुरखेडा, आरमोरीकडच्या लोकांसाठी तो बऱ्याच अंशी साधला. पण नकाशावर पट्टी ठेवून दक्षिणेचे टोक पाहा. सिरोंच्याहून चंद्रपूर सरळ रेषेत साधारण १४० किलोमीटर आहे आणि सिरोंच्याहून गडचिरोली साधारण १५०. म्हणजे नव्या जिल्ह्याने सिरोंच्याचे मुख्यालय सरळ रेषेत जवळ आणले नाहीच, उलट किंचित लांब नेले. रस्त्याने आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत गडचिरोली गाठायचे तर दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. भामरागडचे गणित याहून अवघड आहे. सरळ रेषा जेमतेम १०५ किलोमीटरची, तर रस्ता पावणेदोनशेच्या आसपास. दक्षिणेकडच्या अहेरीचा वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी इतकी वर्षे का टिकून आहे, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे.

एखादा दाखला घ्यायला सिरोंच्याहून गडचिरोलीला गेलेला माणूस घरी परततो तेव्हा त्याचे एकूण विस्थापन शून्य असते. अंतर चारशे किलोमीटरच्या वर. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते आणि टप्पा रस्त्यावर मोजला जातो, पक्ष्याच्या वाटेने नव्हे. सरकारी नोकराला दौऱ्याचा प्रवासभत्ता मिळतो तोही रस्त्याच्या किलोमीटरवर, आणि ते योग्यच आहे. पैसे घेताना आणि आपल्या माणसांना देताना शासनाला अंतराची व्याख्या अचूक ठाऊक असते. सेवा पुरवण्याची वेळ आली की ती व्याख्या मागे पडते. हा अन्याय कुणी ठरवून केलेला नाही, पण अन्यायच आहे.

सरळ रेषेची ही सवय आली कुठून? ती नकाशाच्या जन्मातच आहे. भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन चंद्रपूरपासून फार लांब नसलेल्या हिंगणघाटला १८२३ च्या जानेवारीत वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या पद्धतीचे मर्म असे की एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे थिओडोलाइट रोखायचा, कोन मोजायचे आणि त्रिकोणांच्या साखळीने देश बांधून काढायचा. दोन टेकड्यांच्या मधले जंगल, दरी, नदी या कशाचाही त्या मापाशी संबंध नसतो, कारण प्रकाश सरळ जातो. हे शास्त्र अद्‌भुत होते आणि त्याच्याशिवाय आज आपल्याला आपला देश दिसलाच नसता. पण त्याच काळात सैन्याच्या वाटा मोजणारे लोक जमिनीवरून चाक ढकलत नेत आणि चाकाचे फेरे मोजत. कुठे किती मुक्काम पडतील हे त्रिकोणांवरून कळत नाही, चाकावरून कळते, हे त्यांना पक्के माहीत होते. दोन्ही मापे त्या काळात शेजारी शेजारी नांदत. पुढे नकाशा कचेरीच्या भिंतीवर गेला आणि चाक अडगळीत.

आता निकषांकडे येऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट भागात ३० हजार लोकसंख्या धरतात, आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार. वरवर पाहता आदिवासी भागाला सवलत आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात आणि महाराष्ट्राची सरासरी ३६५ आहे. २० हजार माणसे गोळा करायला गडचिरोलीत सुमारे २७० चौरस किलोमीटर मुलूख लागतो. केंद्र बरोबर मध्यावर आहे असे धरले तरी त्या वर्तुळाची त्रिज्या सव्वानऊ किलोमीटर येते. राज्याच्या सरासरी घनतेने ३० हजार माणसे सुमारे ८२ चौरस किलोमीटरांत मावतात, म्हणजे त्रिज्या पाच किलोमीटरच्या आसपास. सवलत देऊनही त्रिज्या सुमारे पावणेदोन पट झाली. आणि हे अजून विस्थापनच आहे. सिरोंचा ते गडचिरोली या वाटेवर अंतराचे विस्थापनाशी जे गुणोत्तर निघते, साधारण १.४, तेवढेच धरले तरी वर्तुळाच्या कडेवरच्या घरासाठी सव्वानऊचे तेरा किलोमीटर होतात. रान चुकवत जाणारी पायवाट पक्क्या रस्त्यापेक्षाही वाकडी असते. निकष लिहिणाऱ्याच्या मनात यातले काहीच नव्हते, कारण त्याने माणसे मोजली, वाट मोजली नाही.

काही ठिकाणी कायद्याने पदार्थविज्ञान बरोबर ओळखले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २०१० च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे म्हटले आहे, आणि ते पायी चालण्याचे अंतर आहे. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की जिथे भूभाग अवघड आहे, पुराचा धोका आहे, रस्ता नाही, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत लहान मुलांना धोका आहे, तिथे ही मर्यादाही कमी करून शाळा द्यावी. इतके नेमके वाक्य सरकारी भाषेत क्वचित सापडते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डोंगरी भागातल्या वस्तीसाठी पायवाटेने दीड किलोमीटर असा निकष आहे; सपाट भागासाठी मात्र नुसते अर्धा किलोमीटर. भामरागड आणि एटापल्लीचा मुलूख हिमालयासारखा डोंगरी नाही, पण नद्या-नाल्यांनी तो इतका चिरलेला आहे की तिथे अर्धा किलोमीटर कोणत्या वाटेने, हा प्रश्न विचारल्याशिवाय आकड्याला अर्थच येत नाही.

नियम चांगला असूनही व्यवहार कसा घसरतो, याचे उदाहरण कमी पटाच्या शाळांचे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुले असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय राज्यात गाजला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पटाचा आकडा खरा असतो आणि आठ मुलांची शाळा चालवणे खर्चिक असते, हे मान्य. पण अशा निर्णयात ‘जवळची शाळा’ या दोन शब्दांवर सगळे तोललेले असते. नकाशावर दीड किलोमीटरवर असलेली शाळा नाल्याच्या पलीकडे असेल, तर जुलैत ती जवळची नसते. टोल्यावरच्या, म्हणजे लहान वस्तीवरच्या, सात वर्षांच्या मुलीला रपट्यावरून पाणी वाहताना पलीकडे धाडायची हिंमत कोणत्या आईने करावी? ती मुलगी घरी राहते आणि हजेरीपटावर गैरहजर लागते. ज्या रेषेने तिला गैरहजर ठरवले, ती रेषा कोणीच तपासत नाही.

पावसाळा हा या सगळ्या गणिताचा खरा परीक्षक आहे. भामरागडला तीन नद्यांचा संगम आहे: इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा. गावात शिरणारा रस्ता पर्लकोटेवरून येतो आणि तिच्यावरचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात आला. २०१९ च्या पावसाळ्यात तर भामरागडच्या बाजारपेठेतच पाणी घुसले. अशा वेळी वर्तमानपत्रात एक ठरलेली ओळ येते, की इतक्या गावांचा संपर्क तुटला. विज्ञानाच्या भाषेत त्या दिवशी काय घडले ते पाहा. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे विस्थापन एका सेंटिमीटरनेही बदललेले नाही. नकाशा तोच आहे. मात्र वाट उरलेली नाही, म्हणजे अंतराला आकडाच नाही. पलीकडचा माणूस डोळ्यांना दिसतो, हाक मारली तर ऐकू येते, पण त्याच्यापर्यंत जाता येत नाही. वर्षातले काही आठवडे ज्या गावाची ही अवस्था असते, त्याच्या कागदावर वर्षभरासाठी एकच आकडा लिहिणे म्हणजे उन्हाळ्याचा आकडा पावसाळ्याच्या माथी मारणे.

उलट दिशेने हेच तत्त्व तितकेच खरे आहे. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याकडे स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. त्या दिवशीही विस्थापन बदलले नव्हते. बदलली होती ती वाट, आणि तेवढ्याने लोकांचे आयुष्य बदलायला सुरुवात झाली. म्हणून मी म्हणतो की विकासाचे माप अंतरात घ्यावे. विस्थापन भूगोलाने एकदाच ठरवून दिलेले असते; अंतर माणसाच्या हातात असते.

इथे कुणी विचारेल की सरळ रेषेपेक्षा वाट लांब असते हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात एवढे काय सांगायचे? म्हणून थोडे खोलात जाऊ. पदार्थविज्ञानात काही बले अशी आहेत की त्यांच्याविरुद्ध केलेले कार्य फक्त दोन टोकांवर अवलंबून असते. गुरुत्वाकर्षण तसे आहे. पाण्याचा हंडा टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यावर नेला, तर गुरुत्वाविरुद्ध केलेले कार्य चढणीच्या उंचीवर ठरते. सरळ चढा की वळसे घेत चढा, ते तेवढेच. घर्षणाचे तसे नाही. घर्षण प्रत्येक पावलाचा हिशेब मागते आणि परतीच्या वाटेवरही मागते. निघाल्या ठिकाणी परत आलात तर गुरुत्वाचा हिशेब शून्य होतो, घर्षणाचा दुप्पट होतो. माणसाचे जगणे घर्षणाच्या जातीचे आहे. आपली शासनयंत्रणा मात्र नागरिकाला गुरुत्वाच्या नियमाने मोजते: निघाला कुठून, पोहोचला कुठे, काम झाले की नाही. मधल्या वाटेवर त्याचे काय खर्ची पडले, हा प्रश्न तिच्या फॉर्मात नाही.

तेंदूपत्त्याचा हंगाम घ्या. मे महिन्यात बाई पहाटे अंधारात घरातून निघते, रानात पाने तोडते आणि ऊन चढायच्या आत ओझे घेऊन परतते. मग सावलीत बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. मजुरी शंभर पुड्यांवर ठरते. हंगामाच्या सुरुवातीला पाने गावालगत मिळतात; जसे दिवस जातात तशी जवळची झाडे ओरबाडून होतात आणि रोज थोडे आणखी आत जावे लागते. पहिल्या दिवशीचे शंभर पुडे आणि शेवटच्या दिवशीचे शंभर पुडे यांचा भाव एकच. दोन्ही दिवशी तिचे विस्थापन शून्यच, कारण ती घरीच परतली आहे. अंतर मात्र वाढत गेले आणि ती वाढ तिने स्वतःच्या अंगावर सोसली. पाणी आणणे, सरपण आणणे, मोह वेचणे, रेशन आणणे ही बाईच्या वाट्याची बहुतेक कामे याच प्रकारची आहेत: घरून निघून घरी परतायचे. विस्थापनाच्या वहीत त्यांची बेरीज शून्य येते. बायकांचे श्रम दिसत नाहीत असे आपण म्हणतो, त्याचे एक कारण हेही आहे.

आपल्याला वाट मोजता येत नाही असे मात्र मुळीच नाही. वाघाची वाट आपण मोजतो. टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९-२० मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या जंगल-शेतांतून भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. दोन अभयारण्यांत सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. वाघ एकूण तीन हजार किलोमीटर चालल्याचे नोंदींवरून दिसले. उपग्रहाने त्याच्या जागेच्या हजारो नोंदी केल्या. खरी चाल याहूनही जास्त असणार, कारण दोन नोंदींच्या मधला भागही सरळ रेषाच धरलेला असतो. नोंदी जितक्या दाट घ्याव्यात तितके अंतर वाढत जाते. हे संशोधन मोलाचे आहे. त्याच्यामुळेच कळले की वाघाला फक्त अभयारण्य पुरत नाही, त्याला वाट लागते. ज्या शास्त्राने वाघाला हा न्याय दिला, तेच शास्त्र ताडोबाच्या आणि ब्रह्मपुरीच्या जंगलाकडेला राहणाऱ्या माणसालाही द्यायला हवे. वाघाच्या भीतीने रानातली जवळची पायवाट सोडून लांबच्या डांबरी सडकेने शाळेत जाणाऱ्या मुलांचे अंतर किती वाढले, हे कुणी मोजले आहे काय?

अंतर कमी करायचे तर मार्ग तीनच आहेत. वाट सरळ करा, म्हणजे पूल आणि रस्ता बांधा. किंवा शेवटचा बिंदू जवळ आणा, म्हणजे सेवाच वस्तीपर्यंत न्या. किंवा सुरुवातीचा बिंदू हलवा, म्हणजे माणसालाच सेवेच्या जवळ आणून ठेवा. या तिन्हींचा अनुभव याच जिल्ह्यांत आहे आणि तो देशाला शिकवण्याजोगा आहे.

मातांच्या बाबतीत अंतराचा प्रश्न किती जीवघेणा असतो, हे थेडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये तीन विलंबांच्या रूपात मांडले: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. त्यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की दुसरा विलंब पहिल्यातही शिरलेला असतो. वाट लांब आहे हे माहीत असल्यामुळेच घरचे लोक जायचे लवकर ठरवत नाहीत. अंतर पायांना थकवण्याआधी मनाला थकवते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत केलेला प्रयोग शेवटचा बिंदू हलवण्याचा होता. आजारी नवजात बाळाला दवाखान्यात न्यायचे, त्याऐवजी गावातल्याच स्त्रीला शिकवून तिने घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. बाळाचे अंतर शून्य झाले. पण अंतर नाहीसे होत नसते, ते दुसऱ्याच्या वाट्याला जाते. आता ते आशा चालते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. योजना देशभर लागू झाली तेव्हा या सगळ्या भेटींचा मोबदला एका बाळामागे २५० रुपये ठरला. शेजारच्या घरातले बाळ असो की नाल्यापलीकडच्या टोल्यावरचे, रक्कम एकच. देशाने गडचिरोलीकडून प्रयोगाचा निष्कर्ष घेतला, वाटेचा हिशेब घेतला नाही.

तिसरा मार्ग सुरुवातीचा बिंदू हलवण्याचा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातले माहेरघर हे त्याचे चांगले उदाहरण. दुर्गम गावातली गरोदर स्त्री दिवस भरत आले की आधीच तिथे येऊन राहते. वेणा सुरू झाल्यावर नदी ओलांडायची वेळच येत नाही. काही दिवसांपुरता हा उपाय उत्तम आहे. पण हाच मार्ग आपण मुलांसाठी वर्षानुवर्षांचा करतो. पहिलीतले मूल आश्रमशाळेत जाते आणि सहाव्या वर्षापासून त्याचे घर सुटीपुरते उरते. वाट मोठी म्हणून मुलाला घरापासून तोडायचे, हा अंतराचा प्रश्न सोडवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय आहे. त्याची किंमत मूल आणि त्याची आई भरतात. जिथे तो टाळता येतो, तिथे गावची शाळा पटासाठी बंद करण्याचा हक्क कुणालाच नसावा.

पहिल्या मार्गाबद्दलही सावध बोलायला हवे. प्रत्येक वाट सरळ करणे हे उत्तर नाही. गडचिरोलीचा तीन चतुर्थांशांहून अधिक भूभाग वनाखाली आहे आणि प्रत्येक वळसा कापत सुटलो तर ज्यासाठी हे जिल्हे ओळखले जातात तेच उरणार नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ने इथे शहाणपणाची वाट दाखवली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता अशा गावाच्या गरजांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने वापरता येते. म्हणजे बहुतेक ठिकाणी रस्त्याची लांबलचक पट्टी कापण्यापेक्षा सेवेचा छोटा ठिपका आत नेणे जंगलालाही परवडते आणि माणसालाही. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा नेमके हेच केले गेले. रस्त्याची वाट न पाहता दवाखानाच जंगलात गेला.

विस्थापन ही राशी निरुपयोगी आहे असा माझा दावा नाही. ती सदिश आहे आणि दिशा ही फार मोठी माहिती असते. सिरोंच्याहून नागपूर सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, वारंगळ जेमतेम १०५. गंभीर रुग्णाच्या घरच्यांचा बाण दक्षिणेकडे वळतो, कारण गोदावरीवर पूल झाला आहे आणि तेलुगू भाषा सिरोंच्याला परकी नाही. शासनाचा संदर्भसेवेचा बाण मात्र उत्तरेकडे, गडचिरोली आणि मग नागपूरकडे रोखलेला. दोन सदिश राशींची दिशा अशी विरुद्ध असेल तर दोन राज्यांनी बसून रुग्णांसाठी करार करणे हेच शहाणपण. जिल्ह्याच्या सीमेत बाण अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. तसेच मोबाइलच्या मनोऱ्यासाठी आणि हेलिकॉप्टरसाठी सरळ रेषाच खरी. निवडणुकीत मतदान पथके दुर्गम केंद्रांकडे हेलिकॉप्टरने नेली जातात, ते याच कारणाने. गरज पटली की शासनाला अंतर विस्थापनाइतके करता येते, हे त्यातून सिद्धच झाले आहे.

म्हणून मागणी एवढीच आहे की दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. प्रत्येक वस्तीपासून शाळा, आरोग्य केंद्र, रेशन दुकान आणि बसथांबा यांचे सरळ रेषेतले माप एका रकान्यात, प्रत्यक्ष वाटेचे दुसऱ्यात आणि त्यांचे गुणोत्तर तिसऱ्यात. वाटेचा रकाना दोनदा भरावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. गुणोत्तर एकाच्या जवळ असेल तर वाट ठीक आहे. दीड असेल तर लक्ष द्यायला हवे. तीन असेल तर तिथे कुठेतरी एक छोटा पूल हवा आहे. ऑगस्टमध्ये आकडाच लिहिता येत नसेल, तर तिथे सेवा आत नेल्याशिवाय गत्यंतर नाही. कुठे पूल आणि कुठे उपकेंद्र याचा निर्णय कुणाच्या शिफारशीवर न राहता या एका रकान्यावरून करता येईल. आशाताईंचा मोबदला आणि तेंदूच्या मजुरीतला वाटेचा भाग यांनाही आधार मिळेल.

यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहायची गरज नाही. नववीच्या वर्गातली मुले आणि त्यांचे विज्ञानाचे शिक्षक हे काम एका सत्रात करू शकतात. साध्या मोबाइलमध्ये चाललेली वाट नोंदवता येते आणि नकाशावर सरळ रेषाही ओढता येते. मुलांनी आपापल्या घरापासून शाळेपर्यंत, आजीच्या घरापासून दवाखान्यापर्यंत, आईबरोबर पाण्यापर्यंत चालून मोजावे. धडा पाठ होईल आणि गावाचा दस्तऐवजही तयार होईल. दरवर्षी गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना तर त्याहून अधिक अधिकार आहेत. हा तक्ता त्या आराखड्याचे पहिले पान व्हावा. शिक्षकांना, सरपंचांना आणि ग्रामसभांना माझी विनंती आहे की या ऑगस्टमध्ये, नाल्याला पाणी असतानाच, मोजायला सुरुवात करा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘जवळच आहे’ म्हणून तुमची शाळा किंवा दवाखाना हलवायला आले, की त्यांच्यासमोर हा तक्ता ठेवून विचारा: कोणत्या वाटेने, आणि कोणत्या महिन्यात?